फणसाडची मखमल

मी जंगलात शिरलो की तिथले प्राणी रजा टाकतात. ताडोब्यात चार सफारी करून मला वाघ दिसला तो प्रवेशद्वारावरच्या फलकावर. भिगवणला गेलो तर फ्लेमिंगो आदल्याच दिवशी उठून गेलेले. म्हणून या जानेवारीत मागणं लहान ठेवलं होतं. एक शेकरू, बस्स. राज्यप्राणी आहे, वेळेवर कर भरणाऱ्या माणसाला राज्याने निदान तेवढं तरी दाखवावं.

अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद असा समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता, आणि मग चढून सुपेगाव. इथून फणसाड अभयारण्यात शिरायचं. मुरुड-जंजिऱ्याच्या नबाबांचं हे शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं. आपल्याशिवाय दुसऱ्या कुणी शिकार करू नये, या राजेशाही आप्पलपोटेपणामुळेच ही झाडी टिकली असावी, असं माझं मत. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. ‘आधी चिखलगाण, मग फणसाडगाण,’ असं वाटाड्याने सांगितलं तेव्हा मला वाटलं, वन खात्याने सांस्कृतिक कार्यक्रम ठेवलाय.

वाटाड्या सुपेगावचाच. त्याला सगळे मामा म्हणत, म्हणून आम्हीही म्हटलं. मामांनी गारंबीचा वेल दाखवला. वेल कसला, मांडीएवढं जाड प्रकरण, आणि शेंगा हातभर लांब. इथं माझं शेंगांविषयीचं कुतूहल चाळवलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाचं वनस्पतिज्ञान तुळस, कढीपत्ता आणि मनी प्लँट इथं संपतं. त्यामुळे पुढच्या वळणावर झुडपावरून लोंबणारे बोटभर शेंगांचे घोस दिसले तेव्हा मला काही संशय आला नाही. सोनेरी-तपकिरी रंग, आणि अंगभर मांजराच्या पाठीसारखी लव.

“अहो, हात लावू नका,” बायको म्हणाली.

सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी फ्रिज, मिक्सर, तिचा फोन आणि देव्हारा यांच्या संदर्भात इतक्यांदा ऐकलंय की ते आता कानाच्या पाळीवरूनच परत जातं. मी शेंग कुरवाळली. मखमल! मग त्याच हाताने मानेवरचा घाम पुसला. मग दुर्बिणीचा पट्टा सारखा केला. मग पोट खाजवलं. पोटाला काही झालं नव्हतं. ते नुसतं हाताशी असतं म्हणून मी खाजवतो.

पहिलं अर्धं मिनिट मुंगी चावल्यासारखं वाटलं. नंतर सगळं वारूळच.

मामा पुढून धावत आले. “काय झाला?” त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वेलीकडे. “कुयली! खाजवू नका, साहेब.”

‘खाजवू नका’ हे सांगणं सोपं आहे. खाजकुयलीच्या शेंगेवरचा केस न केस सुईसारखा कातडीत घुसतो, आणि त्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. खाजवलं की केस आणखी आत जातात आणि बोटांना लागून पुढच्या गावी पोचतात. माझं शरीर प्रशस्त असल्यामुळे पुढची गावं पुष्कळ होती. मी बाटलीतलं पाणी मानेवर ओतलं. जे मानेपुरतं होतं ते पाठीवरून खाली उतरलं. कुठवर, ते विचारू नका.

तेवढ्यात मागून सहा-सात जणांचं टोळकं आलं. एकाच्या पाठीवर स्पीकर, त्यातून रिमिक्स, हातात कुरकुऱ्यांची पाकिटं. रिकामं पाकीट त्यांनी त्याच वेलीखाली टाकलं आणि शेंगांना घासून पुढे गेले. एकालाही काही झालं नाही. निसर्गात न्याय असतो म्हणणाऱ्याला मी त्या वळणावर उभा करणार आहे.

मामांनी मला खडकावर बसवून शर्ट काढायला लावला. “डोळे मिटा.” आणि मूठमूठ कोरडी माती घेऊन पाठ, मान, पोट रगडायला सुरुवात केली. मी डोळे घट्ट मिटून बसलो होतो. बरोबर त्याच वेळी बायको दबक्या आवाजात म्हणाली, “अगंबाई, मामा, ते बघा!”

माझ्या डोक्यावर, असं मला नंतर सांगण्यात आलं, शेकरू आलं होतं. चांगलं ऐटीत बसलं, झुपकेदार शेपूट लोंबत सोडली, खाली काय चाललंय ते पाहिलं आणि पलीकडच्या झाडावर झेप घेऊन गेलं. मी डोळे उघडले तेव्हा फांदी हलत होती. हलती फांदी मी पाहिली आहे. हे माझ्या वन्यजीव-निरीक्षणात धरावं.

उरलेला उपचार सुपेगावात, एका गोठ्यासमोर, शेणाने झाला. मामा सांगत होते, शाळेत असताना त्यांनी हीच कुयली मास्तरांच्या खुर्चीवर टाकली होती. गावातली पोरं बघायला जमली. बायकोने फोटो काढले.

रात्री मुक्कामी ती फोनवर खाजकुयलीची माहिती मोठ्याने वाचत होती. मला वाटलं, अजून खिजवायचंय. मग ती एकदम थांबली. या शेंगेतल्या बियांना कवचबीज म्हणतात, आयुर्वेदात कंपवातावर देतात, आणि त्यात लेव्होडोपा असतं.

लेव्होडोपा. आमच्या अण्णांच्या गोळीतलं. शेवटची सहा वर्षं त्यांच्या उशाशी गजर लावलेला असे, कारण गोळीला पाऊण तास उशीर झाला तरी कपातला चहा बशीत येई. चहा सांडला की ते बशीच तोंडाला लावत आणि म्हणत, “आम्ही पहिल्यापासून असाच पितो.” तो कप अजून आमच्या कपाटात आहे. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मान चुरचुरत होती, पण मी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी जंजिरा पाहिला. कुणालाच जिंकता आला नाही, असा किल्ला आहे.

फणसाडला जरूर जा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मखमल दिसली की हात खिशात ठेवा, स्पीकर घरी ठेवा. आणि शेकरू दिसलं, तर कृपा करून मला फोटो पाठवू नका.