कच्ची वही

भोपाळच्या अयोध्या नगरातले वहीवाले काका भेल कंपनीतून निवृत्त झाले आणि पाखरांच्या मागे लागले. भोपाळात मोठा तलाव आहे, त्यामुळे यात नवल नाही. पण काका न दिसलेली पाखरंही लिहितात. ‘बायपासच्या कडेला पाऊण तास, चिमणी शून्य.’ ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का, असं विचारतात. तिथे ‘हो’ म्हणताना काकांचा चेहरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असल्यासारखा होतो.

खरी गंमत मे महिन्यात. चातक पावसाच्या किती दिवस आधी येणार, हे कागदावर लिहून पाकीट डिंकानं बंद करतात आणि शेजारच्या पंडितजींकडे ठेवतात. चातक आला, पाऊस आला, की पाकीट चारचौघांत फुटतं. गेल्या वर्षी अंदाज साफ चुकला. काकांनी तो पाण्याच्या टँकरच्या वेळापत्रकाशेजारी सूचनाफलकावर लावला.

पंडितजी कळवळले, “भाईसाहब, अपनी ही बेइज्जती?”

“आधी लिहून ठेवलं नसतं,” काका मराठीतच म्हणाले, “तर आज म्हणालो असतो, मला वाटलंच होतं!”

हे वाक्य काकांच्या घरात बंद आहे. निम्म्या मराठी गप्पा त्यावरच चालतात, त्यामुळे पाहुणे चहा झाला की उठतात.

‘मागितल्यास आकडे देऊ’ असं छापणाऱ्या संशोधकांवर काकांचा भारी राग. उत्क्रांती आणि परिसंस्थाशास्त्राच्या काही बड्या नियतकालिकांनी मूळ आकडे उघडे ठेवायची अट २०११पासून घातली, हे साल त्यांना लग्नाच्या सालापेक्षा पक्कं पाठ आहे. कोळ्यांच्या वागणुकीवरचा ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मधला एक निबंध २०२०मध्ये मागे घ्यावा लागला. तेच ते आकडे पुन्हा पुन्हा आलेले! ड्रायड नावाच्या संग्रहात ते सर्वांसाठी ठेवलेले होते, म्हणून तपासता आले. आणि निबंध मागे घ्यायला पुढे झाली खुद्द मुख्य लेखिका. हा किस्सा सांगताना काकांचा चहा हटकून गार होतो.

काकांची वहीही सर्वांना खुली आहे, फक्त अक्षर लागत नाही. नातीनं ती एक्सेलमध्ये उतरवली, तर ‘बुलबुल ३-५’चं एक्सेलनं परस्पर ३ मे करून टाकलं. तेव्हापासून वही देवघरात.

अयोध्या नगरात आलात तर काकांना जरूर भेटा. फक्त ‘आमच्याकडे नेहमी दिसतो’ असं म्हणू नका. किती वेळा, ते लिहून द्यावं लागेल.