ग्लिसरीनची संगत

शिरूर असो की दौंड, थंडी पडली की मेडिकलमध्ये एकच मागणी. ग्लिसरीन द्या! टाचांना भेगा, ओठ उललेले, हाताची सालं निघालेली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या हातांवर तर पाचटानं ओढलेल्या रेघा वेगळ्याच. त्यांना महागडं क्रीम कुठून परवडणार? ज्यांना परवडतं, त्यांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचावीत. पाण्याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा ग्लिसरीनचंच नाव असतं.

गरिबाची बाटली आणि श्रीमंताची डबी, आत माल तोच.

लावतो मात्र उलटं. कोरड्या टाचेवर निव्वळ ग्लिसरीन चोपडलं की काम झालं, असं आपण धरून चालतो. पाणी ओढणं हा त्याचा स्वभाव. हवेत ओल नसेल, तर ते कातडीच्या आतल्या थरातलंच पाणी ओढणार. म्हणून आधी पाय भिजवा, ओलसर असतानाच ग्लिसरीन लावा, वरून खोबरेल किंवा व्हॅसलिन. मधुमेह असेल आणि भेगेतून रक्त येत असेल, तर हे सगळं राहू द्या आणि डॉक्टर गाठा.

गुलाबपाणी घाला, हरकत नाही. पण त्यात लिंबू पिळायला कुणी सांगितलं? उललेल्या कातडीला ते झोंबतं. तसंच उन्हात गेलं तर चट्टे उठतात. आणि शिव्या खातं ग्लिसरीन!

दोष त्याचा कमी, संगतीचा जास्त.

मंत्र म्हणताच पेटणारा होम आठवतो? अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी गावोगावी करून दाखवलाय. कुंडात पोटॅशियम परमँगनेट, आणि वरून सोडलेलं 'तूप' म्हणजे ग्लिसरीन. दोन्ही बाटल्या घरातल्या एकाच फळीवर कशाला ठेवायच्या?

तान्ह्याचं तोंड आलं की आजी बोरॅक्स-ग्लिसरीनचं बोट फिरवते. माया खरी, पण बोरॅक्स बाळाच्या पोटात जाता कामा नये. आजीला हे सांगायला घरात कुणी धजावत नाही. डॉक्टरांनी तरी सांगावं की!

सगळ्यात वाईट सोबती मात्र डोळ्यांना दिसतच नाही.

त्याचं नाव डायइथिलीन ग्लायकॉल. तसंच दाट, तसंच रंगहीन, चवीलाही गोड. कारखान्यांत वापरायचं, स्वस्तातलं रसायन. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६च्या सुरुवातीला मेंदूवरचा आणि डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन पाजलं गेलं. उपचार योग्यच होता. बाटलीत हे विष मिसळलेलं होतं. १४ माणसं गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं पुरवठादार, रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन, मंत्री, कुणालाही सोडलं नाही.

अहवाल १९८७चा. मग पुढं सगळं सुधारलं?

२०२५च्या शरदात छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या दवाखान्यांत आणली जात होती. साधा खोकला झाला म्हणून कोल्ड्रिफ सिरप दिलेलं. तपासणीत तेच रसायन निघालं, ४८.६ टक्के. मर्यादा ०.१ टक्का. वीसहून जास्त लेकरं गेली. या वेळी नाव ग्लिसरीनचं नव्हतं, त्याच्याच कामाच्या प्रोपिलीन ग्लायकॉलचं होतं. विष मात्र जे. जे.मधलंच.

चाळीस वर्षांत आपण काय तपासायला शिकलो?

दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत औषधं बनतात. पिंपावरचं लेबल वाचून भागत नाही, आतला नमुना तपासावा लागतो, हे तिथल्या केमिस्टला सांगायची गरज नाही. कोल्ड्रिफ बनवणाऱ्या कांचीपुरमच्या कारखान्यात मात्र कुणाला गरज वाटली नाही. निरीक्षक कुठं होते? पोरं दगावल्यावर कुलूप ठोकायला धावले, तेव्हा दिसले.

आणि आपण? 'केमिकल नको, नैसर्गिक द्या' म्हणत साबण निवडतो. पोराच्या घशात जाणारी बाटली मात्र न वाचता उघडतो. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचं सिरप देऊच नका, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. पाचच्या आतही शक्यतो नकोच. तरी 'मागच्या वेळचं उरलंय की' म्हणून चमचा भरला जातो.

ग्लिसरीन घेताना लेबलवर 'आय. पी.' पाहा, म्हणजे माल भारतीय औषधकोशाच्या कसोटीचा. कॅनमधून ओतून दिलेलं सुटं, बिननावाचं अजिबात नको. टाचेला लावायची बाटली तोंडाला लावायची नाही.

आणि बिल मागा. मेडिकलवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या! कोल्ड्रिफच्या वेळी राज्याच्या औषध प्रशासनानं बॅच नंबर जाहीर करून वापर थांबवायला सांगितलं, तेव्हा बाटलीवरचं लेबल पुसट झालं असेल, तर तो नंबर त्या बिलावर सापडणार होता.