वास येतो, साहेब

आमच्या कचेरीत पुरुषांचं स्वच्छतागृह आणि माझं टेबल यांच्यामध्ये प्लायवूडचं एकच दार. तेही नीट लागत नाही. सहा महिने सोसल्यावर टेबल हलवून मिळावं म्हणून मी अर्ज केला. मराठीत दोन ओळींत भागलं असतं. पण इंग्रजीशिवाय अर्जाला वजन येत नाही, ही माझी जुनी समजूत. ‘क्लोज प्रॉक्सिमिटी विथ द टॉयलेट’ असं ठोकून दिलं आणि सहीखाली ऐटीत दुहेरी रेघ ओढली.

दुपारी अर्ज परत आला, लाल शाईत न्हाऊन. टेबलाबद्दल साहेबांनी अवाक्षर काढलं नव्हतं. भाषा तपासली होती. ‘क्लोज’वर काट. समासात शेरा : लॅटिन ‘प्रॉक्सिमस’ म्हणजेच सर्वांत जवळचा, त्याला वर ‘क्लोज’ जोडणं म्हणजे पिवळं पीतांबर. ‘विथ’वरही काट, तिथं ‘टू’. केबिनमध्ये बोलावणं आलं. आपल्यालाही थोडं कळतं हे दाखवायची मला हुक्की आली.

“कॉलेजात हजेरीला प्रॉक्सी लावायचो, ती यातलीच ना, साहेब?”

“नाही. ती ‘प्रॉक्युरसी’ची, म्हणजे मुखत्यारीची. शब्द आटून तेवढा उरला. यातलं ते अप्रॉक्स, तुमच्या प्रवासभत्त्याच्या बिलात असतं ते.”

पुढचं बोलणं मी टाळलं.

घरी येऊन हट्टानं कोश उघडला. त्यात ‘प्रोपिंक्विटी’ सापडली. उच्चारताना जीभ दोनदा अडखळली, तेव्हाच खात्री पटली की माल अस्सल आहे. दुसरा अर्ज केला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“या शब्दात नुसतं अंतर नाही, रक्ताचं नातंही येतं. स्वच्छतागृह तुमचं कोण लागतं?”

दाराशी उभ्या असलेल्या आवक-जावकच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून जो तो आत जाताना मला विचारायचा, “काय, पाहुणे बरे आहेत ना?”

तिसऱ्या अर्जात एवढंच लिहिलं : ‘साहेब, वास येतो.’ त्यावर तत्काळ शेरा पडला, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी.’ तासाभरात शिपाईमामा आले आणि माझ्या टेबलाखाली डांबराच्या चार गोळ्या ठेवून गेले.

टेबल तिथंच आहे. आता दोन्ही वास येतात.