पाचशे रुपयांची पायपीट

एकवीस वर्षं मी डोंबिवलीहून सीएसएमटीला उतरतोय. तरी फाटकाच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ बसलेत, हे कळायला परवाच्या रविवारी पाचशे रुपये भरून ‘हेरिटेज वॉक’ला जावं लागलं. रोज मान खाली घालून सबवेत शिरणाऱ्याची आणि वाघाची गाठ पडणार कशी? त्यात इमारत १८८८ची, आमची लोकल ८.१३ची, आकडा कुठला लक्षात ठेवायचा, हे उघड आहे.

फ्लोरा फाउंटनपाशी गाइडबाई रोमन देवीबद्दल भरभरून बोलल्या. शेजारचं हुतात्मा स्मारक मात्र ‘सेल्फीसाठी दोन मिनिटं’ एवढ्यात आटोपलं.

शेवटी राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं पैसा दिला, १८७८ला काम पुरं झालं, उंची २८० फूट. एवढं थोरलं घड्याळ डोक्यावर, पण सगळ्यांच्या नजरा मनगटावर. वेळ नव्हे, पावलं मोजायला! आमच्या ऑफिसातल्या एकाची दहा हजारांना चारशे कमी पडली, तर पठ्ठ्या ओव्हलला फेऱ्या मारत सुटला.

सोमवारी तोच पहिल्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघत उभा होता.