लायफरवाले काका

काकांना "वाघ दिसला का?" असं कधी विचारू नये. मी विचारलं होतं. फेब्रुवारीतली पहाट, बडनेरा स्टेशन, हातात चहाचा कागदी कप आणि मेळघाटच्या सहलीतल्या बारा जणांची नुकतीच झालेली तोंडओळख. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुम्ही बरीच जंगलं फिरलेले दिसता. वाघ दिसला असेल ना?" ख्याल गाणाऱ्या बुवांना बारशाला पाळणा म्हणायची फर्माईश करावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

"वाघ?" ते म्हणाले. "वाघ आम्ही 2006 सालीच मागे टाकला."

जणू वाघ ही एक इयत्ता होती आणि माझ्यासारखी माणसं तिच्यात वर्षानुवर्षं नापास होत होती.

काका एकटे नाहीत. ही एक जमात आहे आणि थंडीचे चार महिने ती महाराष्ट्रभर आढळते. खुणा सोप्या आहेत. सुक्या शेवाळ्याच्या रंगाचे कपडे, कानापर्यंत टोपी, गळ्यात दुर्बीण आणि अंगात असंख्य खिशांचं जाकीट. काकांच्या खिशांतून मी तीन दिवसांत पुढील ऐवज निघताना पाहिला: दोन विजेऱ्या, सुंठवडा, लेन्स पुसायचं फडकं, गुडघ्याचा पट्टा, लवंगा, पेन्सिल, पेन्सिलीचं टोकयंत्र आणि एक मोराचं पीस. ते पीस त्यांनी लगेच परत आत सारलं, कारण जंगलातून काही उचलायचं नसतं हे व्याख्यान ते आदल्याच तासाला आम्हाला देऊन बसले होते.

या जमातीचा परवलीचा शब्द 'लायफर'. जो पक्षी किंवा प्राणी आयुष्यात पहिल्यांदा दिसला तो लायफर. दुसऱ्यांदा दिसला की तो नुसता पक्षी. नीलकंठ समोरच्या तारेवर बसून सगळा निळा रंग उधळत असला तरी काका मान वळवत नाहीत, कारण नीलकंठ वहीत आहे. उलट गवतातून मातकट रंगाचं, चिमणीएवढं काहीतरी भुर्रकन उडालं की सत्तरीचा हा माणूस जिप्सीत ताडकन उभा राहतो. मग त्या मातकट वस्तूच्या भुवईची पट्टी पांढरी होती की पिवळसर, यावर पाऊण तास खल चालतो. भुवई पिवळसर निघाली तर लायफर, पांढरी निघाली तर पाऊण तास फुकट.

ती वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, लांबट, अस्सल खातेवही. काका एका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेत आणि निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेऊन घरी येतात, तसे ते ही कोरी वही घेऊन आले असावेत. तारीख, ठिकाण, नाव, 'पाहिला', 'ऐकला' आणि शेवटचा रकाना 'शेरा'. खरं साहित्य त्या शेवटच्या रकान्यात आहे. "पाठमोरा." "फक्त शेपूट." "धुकं होतं, पण खात्री आहे." आणि दर दोन-तीन पानांआड एक नोंद, जिच्यापुढे अनुक्रमांक घातलेला नाही: "सौ.ला दिसला."

काकू सोबत होत्या. त्यांच्याकडे दुर्बीण नाही, वही नाही, फक्त पर्समध्ये खोबऱ्याच्या वड्यांचा डबा आहे. पण मला वाटतं, जंगल त्यांच्या बाजूला बसायला उत्सुक असतं. चांदी अस्वल त्यांनी पाहिलं, चौसिंगा त्यांनी पाहिला. दोन्ही वेळा काका जिप्सीच्या दुसऱ्या अंगाला लेन्स बदलत होते.

वाघावर काकांचा राग का, ते त्यांनी परतवाड्याला नाश्त्याच्या वेळी समजावून सांगितलं. त्यांच्या मते ताडोब्याचा वाघ म्हणजे लालबागचा राजा. तिकीट आधीच काढा, पहाटे फाटकाशी रांग लावा, आत गेल्यावर वीस जिप्स्यांच्या गर्दीत मान उंच करा, दर्शन घ्या, कॅमेरा वर धरा आणि पुढे सरका. "फरक एवढाच," काका म्हणाले, "की इथे राजा स्वतः उठून चालायला लागतो आणि रांग त्याच्यामागे धावते." हे मात्र मला पटलं. माझंही ताडोब्यातलं, मोहर्लीच्या बाजूचं एक वाघदर्शन असंच आहे. मला वाघ आठवतो त्यापेक्षा पुढच्या जिप्सीतल्या गृहस्थांची पांढरी टोपी जास्त आठवते.

मेळघाट हे त्यामुळेच काकांचं लाडकं. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं, आणि तिथला वाघ तेव्हापासून आपली अब्रू राखून आहे. डोंगर, दऱ्या, साग आणि बांबू यांच्या त्या पसाऱ्यात तो सहसा कुणाला दिसत नाही. सहलीला कॅमेरे घेऊन आलेली दोन तरुण जोडपी यामुळे पहिल्याच दिवशी हिरमुसली. काका खुश होते. त्यांना इथे रानपिंगळा हवा होता.

परतवाड्याहून सेमाडोहला जाणाऱ्या घाटात, दर वळणाला एक प्रकरण याप्रमाणे, काकांनी आम्हाला रानपिंगळ्याची कथा सांगितली. ही कथा ते ज्या चवीने सांगतात तशी दुसरा कोणी सांगू शकणार नाही, कारण ते ती ऑडिटरच्या तोंडाने सांगतात.

"1873 साली ह्यूमनं या घुबडाचं वर्णन केलं. कोण ह्यूम? काँग्रेसवाला ह्यूम. पुढं बारा वर्षांनी काँग्रेस काढली तोच. त्याआधी तो पक्षी गोळा करत होता. बरं. 1884 पर्यंत इनमिन सात नमुने मिळाले आणि मग घुबड गायब. सलीम अली शोधून दमले. मग मधल्या काळात एक इंग्रज कर्नल म्हणतो, मला 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळालं. हा घ्या नमुना." इथे काका थांबले. पाण्याचा एक घोट घेतला. "खोटं व्हाउचर!"

मागच्या बाकावरचं एक लहान मूल दचकून जागं झालं.

"त्या कर्नल माइनर्ट्झहागेननं काय केलं होतं? लंडनच्या संग्रहालयातला, डेव्हिडसन नावाच्या माणसाचा नमुना ढापला. खानदेशातला, 1880 च्या सुमाराचा. तो उसवून पुन्हा शिवला आणि वर स्वतःची चिठ्ठी लावली. लोक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून भलतीकडेच शोधत बसले. मग पामेला रासमुसेन नावाच्या बाईंनी जुन्या नमुन्यांची तपासणी केली, एक्स-रे काढले, शिलाई पाहिली आणि ही अफरातफर पकडली. खोटी नोंद बाजूला काढल्यावर खरी ठिकाणं उरली. त्या आणि त्यांचे दोन सहकारी भारतात आले आणि 25 नोव्हेंबर 1997 ला आपल्या शहाद्याजवळ घुबड समोर! 113 वर्षांनी!" त्यांचा आवाज किंचित कापला. "लोक म्हणतात शोध लागला. अहो, घुबड ऑडिटमध्ये सापडलं."

मी इतक्या जवळून पाहिलेल्या माणसांत, आपल्या नोकरीबद्दल इतका निखळ अभिमान असलेला हा एकटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला ते घुबड आम्हाला दिसलं. आमचा वाटाड्या कोरकू पोरगा होता, विशीतला. त्यानं गाडी थांबवायला लावली, बोट वर केलं आणि हळूच म्हणाला, "तो पाहा ना जी, वाळल्या सागावर." अर्थात पहिल्यांदा दिसलं काकूंना. काका तोवर मधोमध उभे होते. ते नेहमी मधोमध उभे राहतात, कारण डावीकडे बसलं की लायफर उजवीकडून जातो हा त्यांचा वीस वर्षांचा ताळेबंद आहे.

पानं झडलेल्या फांदीवर मुठीएवढं गुबगुबीत काहीतरी भर उन्हात बसलेलं. घराजवळच्या वडावर असतो त्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते. याचं डोकं जवळजवळ कोरं. पोट पांढरंस्वच्छ, पायांवर पिसांची जाड विजार. हे दिवसाढवळ्या शिकार करणारं घुबड आहे, म्हणून त्याला आमच्याकडे बघायलाही वेळ होता. त्यानं आमच्याकडे पिवळे डोळे रोखले आणि शेपटी डावी-उजवीकडे झटकली, जशी एखादी म्हातारी दारात आलेल्या विक्रेत्याला हात झटकते.

काकांनी सहा सेकंद पाहिलं. मी मोजली, कारण या क्षणासाठी त्यांनी पुण्याहून बडनेऱ्यापर्यंत आणि पुढे घाटातून गुडघे आणले होते. सहाव्या सेकंदाला ते खाली बसले, वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि सुबक अक्षरात 612 हा आकडा घातला.

ते 'रा' काढत असतानाच घुबड फांदीवरून सरळ खाली पडल्यासारखं सुटलं आणि पाचोळ्यातून एक सापसुरळी उचलून परत वर गेलं. सापसुरळीची शेपटी त्याच्या चोचीतून बराच वेळ वळवळत होती. जिप्सीत कुणाच्या तोंडून शब्द निघेना.

"काका, त्यानं सापसुरळी पकडली!" मी कसंबसं म्हणालो.

"ते पुस्तकात आहे," काका वर न बघता म्हणाले.

रात्री जेवणाआधी हजेरी होत असे. आमचा म्होरक्या, पक्ष्यांवर जीव टाकणारा एक शांत मुलगा, यादी वाचायचा आणि आम्ही 'हो' म्हणायचो. "हळद्या?" "हो." "तुरेवाला सर्पगरुड?" "हो." "हरियाल?" "हो." शाळेत गैरहजर मुलाचं नाव आलं की वर्ग जसा शांत होतो, तसा आमचा घोळका एखाद्या नावाला शांत व्हायचा. मग काका घसा खाकरायचे. "रातवा. ऐकला. सात पन्नास." यावर रोज भांडण. कॅमेरेवाल्या तरुणांचं म्हणणं, फोटो नाही तर पक्षी नाही. काकांचं म्हणणं, "तुमच्या आजोबांचा फोटो आहे का तुमच्याकडे? मग?" एकदा म्होरक्यानं विचारलं, "काका, तुमच्या वहीतले 'ऐकला' वजा केले तर किती उरतात?" जेवण होईपर्यंत काका त्याच्याशी बोलले नाहीत.

पक्षी झाले. पण काकांचा खरा सल सस्तन प्राण्यांत आहे आणि त्याचं नाव वाघाटी. घरच्या मांजरापेक्षाही लहान, वजनानं दीड किलोच्या आसपास, तांबूस ठिपक्यांचं रानमांजर. जगातल्या सर्वांत चिमुकल्या मांजरांपैकी एक. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून कुठेच नाही. रात्री हिंडतं, झाडावर चढतं, माणसाला दिसत नाही. वाघ मागे टाकलेला माणूस गेली आठ वर्षं या दीड किलोच्या मागे आहे. गीरला जाऊन आला, कान्ह्याला जाऊन आला, नागझिऱ्याला दोनदा. मेळघाटात तिन्ही रात्री ते विश्रामगृहाच्या व्हरांड्यात शाल गुंडाळून बसून होते. तिसऱ्या रात्री एक मांजर आलंही. खानसाम्याचं होतं.

परतीच्या वाटेवर परतवाड्याला चहाला थांबलो. जंगलात तीन दिवस मुके झालेले फोन तिथे एकदम बोलायला लागले आणि काकांच्या खिशांपैकी कुठल्यातरी एकात टुंग-टुंग सुरू झालं. चौथ्या खिशात फोन मिळाला. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीन दूर धरली, जवळ आणली. मग काही न बोलता फोन माझ्या हातात दिला.

जुन्नर तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून पुतण्याचा निरोप होता. ऊसतोड चालू असताना फडात मांजराची दोन पिलं सापडली. पोरं म्हणाली बिबट्याची, म्हणून वनखात्याला कळवलं. त्यांची माणसं येऊन म्हणाली, ही वाघाटीची. रात्री त्याच जागी पाटीत ठेवली, आई आली आणि एकेक उचलून घेऊन गेली. सोबत फोटो: पाचटावर पाटी, पाटीत दोन ठिपकेदार मुठी. वर, "काका, तुम्हाला आवडतं म्हणून पाठवलं."

"हा फड कुणाचा?" मी विचारलं.

"आमचाच," काकू म्हणाल्या. "म्हणजे थोरल्या दिरांकडे असतो. विहिरीवरून वाद झाला ना, तेव्हापासून हे गावी गेलेले नाहीत. अकरा वर्षं झाली."

खरं तर यात नवल नाही. त्या भागात बिबट्यासुद्धा उसातच पिलं घालतो, तर वाघाटीनं का घालू नयेत? खुद्द रानपिंगळासुद्धा 2014 साली मुंबईजवळ तानसा अभयारण्यात सापडला होता. त्याही बातमीनं काका दोन दिवस जेवले नव्हते, असं काकूंनी मला वडी देताना सांगितलं. पण तेव्हा निदान तानसा सख्ख्या भावाचं नव्हतं.

काका बराच वेळ कपातल्या सायीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "फोटोत दिसलेलं धरत नाहीत." आणखी थोड्या वेळानं, अगदी सहज म्हणून, पुतण्याला फोन लावला आणि विचारलं, "किती एकर तुटायचा राहिलाय रे?" पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही. "नाही, नाही, यायचं कुठे म्हणतोय," काका म्हणाले आणि त्यांनी फोन पाचव्या खिशात ठेवला.

हे लिहितोय तेव्हा मार्चचा पहिला आठवडा आहे. दोन एकर ऊस उभा आहे, कारखान्याची टोळी पंधरा दिवसांत येईल. वाचकांपैकी कुणी जुन्नरच्या बाजूचं असेल, विहिरीच्या वाटणीच्या भानगडी मिटवण्यात हात असेल आणि दोन हट्टी म्हाताऱ्या भावांना एका बांधावर उभं करायची ताकद असेल, तर कृपया लवकर कळवावं. काकांना वाघाटी हवी आहे आणि मला पुढच्या सहलीत खिडकीची जागा.