नवतप्यात ओव्हरक्लॉकिंग

खेळ सुरळीत चालावेत म्हणून मी कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, असं मी चारचौघांत सांगतो. चारचौघांत म्हणजे मुख्यतः ऑफिसातल्या एकाला. त्याला यातलं काही कळत नाही आणि म्हणूनच तो माझा आवडता श्रोता आहे. खरं कारण माझा भाचा. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारं हे पोरगं सुट्टीत नागपूरला आलं, माझ्या खुर्चीत बसलं, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि म्हणालं, "मामा, तुम्ही अजून स्टॉकवरच चालवता?" कंपनीनं दिला तसा प्रोसेसर वापरणं म्हणजे स्टॉकवर चालवणं; त्याहून जास्त वेगानं पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्याच्या आवाजात कणव होती. तुच्छता असती तर मी सहन केली असती.

माझा प्रोसेसर रायझन 5 3600. बाजारात आला 2019 च्या जुलैत. या धंद्यात एवढं वय म्हणजे निरोपसमारंभ होऊन शाल-श्रीफळही घरी आलेलं. सहा कोअर, मूळ वेग 3.6 गिगाहर्ट्झ, आणि अंगात आलं की 4.2 पर्यंत स्वतःहून पळतो. हे 'स्वतःहून' मला खुपलं. मग मी कशाला आहे?

कृती सांगायला सोपी. मदरबोर्डचा ठोका 100 मेगाहर्ट्झचा, त्याला गुणक लावायचा. 42 लावला की 4.2 गिगाहर्ट्झ. मशीन चालू होताना डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगांत, शिरायचं, गुणक पाव-पावानं चढवायचा आणि दर पायरीला प्रोसेसरला राबवून बघायचं. राबवण्यासाठी प्राइम 95 नावाचा प्रोग्राम आहे. 1996 पासून जगभरची हौशी मंडळी मर्सेन मूळ संख्या शोधताहेत, त्यांच्यासाठी तो लिहिलेला. प्रोसेसरचा घाम काढण्यात तो इतका तरबेज निघाला, की गणिताशी काडीचा संबंध नसलेले माझ्यासारखे लोक तो निव्वळ छळासाठी वापरतात. याच शोधमोहिमेला 2024 मध्ये चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची मूळ संख्या सापडली. या संशोधनाला माझा हातभार म्हणजे वाढलेलं वीजबिल.

खरी गोम व्होल्टेजमध्ये. वेग वाढवला की चिप जास्त व्होल्टेज मागते, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. व्होल्टेज दहा टक्के आणि वेग पाच टक्के वाढवा, उष्णता सत्तावीस टक्के वाढते. पाचाला सत्तावीस, हा दर ऐकून सावकारही कानाला हात लावेल. त्यातून गुणक हातानं बांधला आणि व्होल्टेज 'ऑटो'वर सोडलं तर मदरबोर्ड उदार होतो, हवं त्याहून जास्तच ओततो. म्हणून आकडा आपण लिहायचा आणि माझ्या जातीच्या प्रोसेसरला 1.3 व्होल्टच्या आसपास थांबायचं. जास्त व्होल्टेजनं चिप लगेच मरत नाही, झिजत जाते. 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून बिघडू लागले, आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तिथं तर कुणी भाच्याच्या नादीही लागलेलं नव्हतं.

एक मात्र सांगतो, ज्यांनी हा खेळ गाजवला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. 1998 मध्ये इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. 300 मेगाहर्ट्झची ही गरिबांची चिप, लोकांनी मदरबोर्डचा ठोका 66 वरून 100 वर नेला आणि ती 450 वर पळू लागली. थेट दीडपट, तीही फुकटात. कंपन्यांना हे आवडायचं कारण नव्हतं. गुणकाला कुलूप तर तेव्हाच होतं; पुढे कुलूप नसलेल्या प्रोसेसरच्या नावापुढे 'के' लावून त्याचे जास्त पैसे आले. 2010 मध्ये तर इंटेलनं कमाल केली. पेंटियम जी6951 या चिपमध्ये काही गोष्टी आधीच बसवून बंद ठेवल्या, आणि त्या उघडायला 50 डॉलरचं कार्ड विकायला काढलं. वस्तू माझी, टेबल माझं, वीज माझी, आणि आतल्या अर्ध्या खोलीची किल्ली दुकानात! ओरड झाली, 2011 मध्ये ती योजना गुंडाळली. माझा राग अजून गुंडाळलेला नाही.

तर तापमान. परदेशातले सगळे जाणकार खोली बावीस अंशांची धरून बोलतात. हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली जितकी वर, ढोबळमानानं तितकाच तोही वर. आणि मी हे करायला काढलं नवतप्यात. सूर्य रोहिणीत गेल्यावरचे ते नऊ दिवस, मेच्या 25 तारखेच्या आसपास सुरू होणारे. नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 अंश नोंदले गेले होते. 2024 च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं तर 56 दाखवले. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, तेव्हा गावात अनेकांचा चक्क हिरमोड झाला. आकड्यांची हौस एकट्या माझीच आहे असं नाही.

अशा गावात कॉम्प्युटर ठेवायची जागा एकच, कूलरसमोर. विदर्भाबाहेरच्या वाचकांना कूलर म्हणजे काय हे सांगून कळत नाही. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसलेली ती पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंप आणि विमानाला शोभेलसा पंखा. एप्रिलात नव्या ताट्या लागतात, त्या दिवशी संध्याकाळी घरात ओल्या गवताचा जो वास सुटतो तो बाटलीत भरून विकता आला तर मी नोकरी सोडेन. हवा कोरडी म्हणून आमच्याकडे हे यंत्र चालतं. मुंबईत लावलं तर कपडे दमट होण्यापलीकडे काही होणार नाही, आणि आमच्याकडेही मृगाचा पाऊस पडला की त्याची हवा अंगाला चिकटू लागते. पाणी भरण्यावरून घराघरांत भांडणं असतात. पंप अडकला की पेटीवर ठराविक जागी थाप मारायची असते, ती जागा फक्त घरच्या माणसाला ठाऊक. आधी प्लग काढायचा, मग हात लावायचा, हे लेकराला अक्षरओळखीआधी शिकवलं जातं, कारण ओल्या पत्र्याचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं टाकीत डासांच्या अळ्या शोधायला येतात तेव्हा सगळी कॉलनी निरागस चेहरे करून उभी असते.

शिवाय त्याचा आवाज. प्रोसेसरचा पंखा किती डेसिबल करतो यावर परदेशी परीक्षक पानंच्या पानं रडतात. आमच्या हॉलमध्ये कूलर चालू असताना कॅबिनेटमध्ये ट्रॅक्टर बसवला असता तरी कुणाला कळलं नसतं.

यंदा ताट्या बदलायला जो माणूस आला, तो दुपारी दोनला आला. डोक्याला ओला दुपट्टा, शर्टाच्या खिशात कांदा. स्टँड इतका तापलेला, की गोणपाटाची घडी मध्ये घालून त्यानं तो धरला. माझा प्रोसेसर 95 अंशांना पोचला की आपोआप काम कमी करतो, आणखी तापला तर मशीन बंद पाडतो. कुणाची परवानगी लागत नाही. दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका, अशी पत्रकं माणसांसाठीही दरवर्षी निघतात. नेमक्या त्याच तीन तासांत आम्ही ताट्यावाल्याला फोन करतो, कारण गरम आम्हाला तेव्हाच होतं. आणि उशीर झाला की ओरडतो.

हॉलमध्येच आईची खाट. रात्री मी प्राइम 95 लावून आकडा बघत बसलो की तिला जाग यायची. "काय करून राहिला रे इतक्या रातच्याला?"

"तापमान बघतोय."

"किती आहे?"

"ब्याऐंशी."

"अगं बाई! मग निजू दे ना त्याले."

भाच्यानं तिला समजावलं, की आजी, पाण्यानं थंड करणारे कूलरही मिळतात प्रोसेसरला. तिनं पहिला प्रश्न रास्त विचारला: "पाणी कोण भरते?" ते पाणी आतल्या आत फिरतं, भरावं लागत नाही, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घराले काहून नाही करत असा?" इंजिनिअरिंगच्या पोराला उत्तर सुचलं नाही.

आणि एका रात्री, गुणक 42.5 वर होता, पाणी प्यायला उठलो तर खाटेवर घामानं ओलं झालेलं लुगडं सावरत आई बसलेली. तिनं कूलरच्या पट्ट्या हातानं वळवून सगळी हवा कॉम्प्युटरकडे केली होती. "मले सवय आहे," म्हणाली, "त्याचं उतरू दे आधी." मी मशीन बंद केलं आणि पट्ट्या पुन्हा खाटेकडे फिरवल्या. मला काही बोलता आलं नाही, आणि आताही यावर विनोद सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी बायोसमध्ये जाऊन सगळं मूळ पदावर आणलं. बायोसमध्ये शिरताच येत नसेल तर मशीनचा प्लग काढून मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल काही मिनिटं बाहेर ठेवायचा, सेटिंग विसरली जातात.

आता हिशेब. ओव्हरक्लॉक केल्यावर माझ्या नेमबाजीच्या खेळात सेकंदाला 118 चित्रं उमटत होती त्याची 121 झाली. माझा मॉनिटर 60 हर्ट्झचा आहे; सेकंदाला साठांच्या वरचं तो दाखवतच नाही. शिवाय बहुतेक नव्या खेळांत दमतं ते ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर त्याची वाट बघत उभा असतो. आणि त्या खेळात मला गोळ्या घालणारी पोरं चौदा वर्षांची असतात. त्यांच्या बोटांना पुरून उरेल असा गुणक कुठल्याही बायोसमध्ये नाही. खरा फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीनं. माझी रॅम 3200 ची, पण एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारं बायोसमधलं सेटिंग, चालू न केल्यामुळे ती विकत घेतल्यापासून 2133 वर रांगत होती. हे भाच्यानं जाता जाता, बॅग भरताना सांगितलं.

तेव्हा ज्यांना करायचंच आहे त्यांनी आधी एक्सएमपी बघा, मग पंख्यावरची धूळ काढा, थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावा. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर जळला तर कंपनी वॉरंटी देत नाही, हे लक्षात ठेवा. आणि विदर्भात राहत असाल तर दिवाळी होऊ द्या. डिसेंबरात खोली आपोआप थंड असते, आणि कूलर माळ्यावर गेलेला असतो.