ड्रम एक, उमेदवार दोन

भादवा सरत आला की सुरतेत दोन गोष्टींचा ताप वाढतो : उन्हाचा आणि सल्लागारांचा.

दिंडोलीतल्या आमच्या गच्चीवर या दिवसांत कामांना तोटा नसतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चिकटलेला, कुंड्यांतली माती पावसाने दगड झालेली, मोगऱ्याच्या बुडाशी गवत माजलेलं. त्या कामांना कोणी हात लावत नाही. पण रंगाचा रिकामा ड्रम कापून त्यात माती भरली रे भरली, की त्यात काय लावायचं ते सांगायला जो तो हजर.

"भाई, पापडी वावजो!" शेजारच्या बेन. चंदनी पडव्याची घारी खायच्या आत बी पडलं पाहिजे, तरच उतराणाच्या उंधियुला शेंगा मिळतील, हा त्यांचा हिशेब. पापडी म्हणजे कतारगामचीच. तिथल्या मळ्यांवर हिऱ्यांचे कारखाने उभे राहिले, तरी बाजारात पापडीचं गाव बदललेलं नाही.

आईचं सासर-माहेर दोन्ही जळगावकडचं. "भरताच्या वांग्याले जागा ठेवजो," एवढंच ती म्हणते, पण ते हुकमासारखं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर हे वांगं तिला सरकारी नोकरीत लागलेल्या भाच्यासारखं वाटतं.

बेननी तडजोड सुचवली : वांगं उंधियुतही चालतं. आई म्हणाली, "तुमच्या उंधियुत ती बोटभर रवैया. आमचं एक वांगं टाकलं तर पातेल्यात दुसरं काही मावायचं नाही."

शेवटी ड्रमच्या मधोमध वांग्याचं रोप, कडेला पापडी. वेलाला आधार साडीच्या कटपीसच्या पट्ट्यांचा. या गावात सुतळी विकत आणावी लागते, जरीची किनार फुकट मिळते. आता वेल वांग्याच्या गळ्यात पडलाय, आणि सकाळी आई तो सोडवते, संध्याकाळी बेन परत गुंडाळतात.

परवा डासांच्या अळ्या तपासणारा माणूस आला. १९९४च्या प्लेगनंतर या शहराने स्वच्छता फार मनावर घेतली. त्याने प्रत्येक कुंडीखालच्या बशीत टॉर्च मारला. मग ड्रमपाशी थांबला. न्याहाळून म्हणाला, "दोन्ही काढा साहेब. मेथी लावा. महिन्यात मुठिया!"

आई आणि बेन त्याच्याकडे अशा वळल्या, की अळ्या न मोजताच तो जिना उतरला.